परीक्षेचा कान

कमळा शितपच्या डाव्या कानाच्या पडद्याला भोक होतं, आणि मेडिकल कॉलेजात त्या भोकाचं मोठं कौतुक होतं.

हे कॉलेज मिरजोळ्याच्या वरच्या अंगाला, सड्यावर. एका ट्रस्टनं जांभा फोडून तिथं इमारती उठवल्या. त्याआधी त्या कातळावर पावसाळ्यात गवत आणि एरवी ऊन, याखेरीज काही नव्हतं. हॉस्पिटल सुरू झालं तशा वाडीतल्या बायका कोणी गुडघे घेऊन, कोणी डोळे घेऊन वर जायला लागल्या. कमळा कान घेऊन गेली. लहानपणी पऱ्याच्या वाहत्या पाण्यात डुंबताना ते आत गेलं की आणखी कशानं, पण तेव्हापासून तिचा डावा कान वाहायचा. आईनं लसूण घालून कढवलेलं तेल ओतून पाहिलं, शेजाऱ्यांनी सांगितलेला कसला कसला पाला पिळून पाहिला. कान थोडे दिवस गप्प बसायचा आणि पाऊस लागला की पुन्हा सुरू. लग्न होऊन ती मिरजोळ्याला आली. नवरा मुंबईला कुठल्याशा गोदामात. गणपतीला आणि शिमग्याला तेवढा घरी. कमळा एमआयडीसीत मासळी गोठवायच्या कंपनीत कोळंबी सोलायला जाऊ लागली. दिवसभर हात बर्फाच्या पाण्यात, त्यामुळं सर्दी पाचवीला पुजलेली. आणि सर्दी झाली की कान आलाच.

कान-नाक-घसा विभागाचे मुख्य म्हणजे डॉक्टर सरपोतदार. गोरे, गुटगुटीत, सदा हसतमुख. पहिल्या दिवशी त्यांनी तिच्या कानात नळी धरून कपाळावरच्या आरशानं आत उजेड पाडला आणि ते तसेच थांबले. मग त्यांनी मागं उभ्या असलेल्या पोरापोरींना हाक मारली. एकेकानं येऊन तिच्या कानात डोकावून पाहिलं. सर इंग्रजीत बोलत होते. त्यातला ‘क्लासिक’ हा शब्द कमळानं नीट ऐकला, कारण ते बोलताना सरांनी तिच्या खांद्यावर थोपटलं होतं. कोणीतरी आपली तारीफ करतंय एवढं तिला कळलं. आजवर या कानाबद्दल तिनं फक्त बोलणी खाल्ली होती.

तिनं विचारलं, बरा होईल का? सर म्हणाले, थेंब देतो, कोरडा होईल. आत पाणी जाऊ द्यायचं नाही, डोक्यावरून न्हाताना खोबरेल लावलेला कापूस घालायचा. ऑपरेशन वगैरे लागेल का, असंही तिनं विचारलं. ते पुढचं पुढं बघू, असं ते म्हणाले.

थेंबांनी कान खरंच कोरडा झाला. भोक राहिलं. त्या कानानं पूर्वीही कमी ऐकू यायचं, आताही तसंच.

पुढच्या जानेवारीत तिला विभागातून फोन आला. फोन करणारी डॉक्टर नम्रता. नुकतीच नोकरीला लागलेली, सरांच्या हाताखालची. तिनं सांगितलं की मुलांची परीक्षा आहे, मुलांना तपासायला खरे पेशंट लागतात, तर मावशी तुम्ही याल का? गाडीभाडं देऊ, जेवण देऊ. कमळानं कंपनीत रजा टाकली, ठेवणीतली साडी नेसली आणि गेली.

त्या दिवसाचा थाट तिला आवडला. नेहमी ओपीडीच्या रांगेत तासन् तास उभं राहावं लागायचं; इथं पंख्याखाली खुर्ची होती, बसल्या जागी चहा आला. मुलं येताना ‘येऊ का आत?’ म्हणून तिला विचारत. नाव, गाव, कान कधीपासून वाहतो, दुखतो का, चक्कर येते का, सगळं विचारून झालं की कानात बघत, मग तो वाजणारा चिमटा तिच्या कानाशी धरत आणि कानामागच्या हाडावर टेकवत. नम्रता मॅडमनी तिला बजावलं होतं की मुलांना आजाराचं नाव तेवढं सांगायचं नाही. नाव कमळाला ठाऊक कुठं होतं? पण ते तिला तिथंच कळलं. प्रत्येक मुलाचं तपासून झालं की परीक्षक येऊन प्रश्न विचारत, आणि शेवटी शेवटी प्रत्येक मुलगा एक लांबलचक शब्द म्हणे, ‘मायरिंगोप्लास्टी’. तो म्हटला की परीक्षक मान डोलावून पुढच्या पेशंटकडे जात. तिसऱ्या-चौथ्या मुलापर्यंत कमळाला तो पाठ झाला. संध्याकाळी घरी आल्यावर तिनं दर्शनाला, म्हणजे आपल्या मुलीला सांगितलं, की मला जे झालंय त्याला मायरिंगोप्लास्टी म्हणतात. दर्शना तेव्हा दहावीला होती. तिनं ते दोनदा म्हणून बघितलं आणि दोघी खूप हसल्या.

त्यानंतर दर वर्षी कमळा जात राहिली. जानेवारीत मोठी परीक्षा, उन्हाळ्यात नापासांची. वाडीत तिला ‘परीक्षावाली’ म्हणायला लागले. कमळा डॉक्टर पास करते, असं कोणी चेष्टेनं म्हटलं तर तीही नाही म्हणायची नाही. जाताना ती विभागासाठी काही ना काही न्यायची, कधी कोकमाचं आगळ, कधी फणसपोळी. सर ते स्वतःच्या हातानं घेत, दर्शनाची नाव घेऊन चौकशी करत. एवढा मोठा माणूस, पण आपल्या मुलीचं नाव लक्षात ठेवतो, याचं तिला कोण अप्रूप. परीक्षेच्या आधी नम्रता मॅडमचा फोन यायचा, मावशी, सर्दी करून घेऊ नका, कान कोरडा हवा. आपल्या कानाची एवढी काळजी नवऱ्यानंही कधी केली नव्हती.

मधे एकदा वाडीच्या शाळेत आरोग्य शिबिर भरलं होतं. तिथं आलेल्या एका तरुण डॉक्टरनं तिचा कान बघून सांगितलं की हा पडदा बसवता येतो, आमच्याकडे फुकट होईल, तारीख देतो. कमळा दचकली. कानाला सुरी लावायची म्हणजे भलतंच. आणि आपले डॉक्टर असताना परक्याकडे कशाला? तिनं वर जाऊन सरांना सांगितलं. सर हसले. अहो, शिबिरवाल्यांना आकडे दाखवायचे असतात, असं म्हणाले. उगाच चिरफाड कशाला, आम्ही आहोत ना. नम्रता मॅडम शेजारच्या टेबलाशी काहीतरी लिहीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. कमळा निश्चिंत मनानं घरी आली, आणि शिबिरातल्या डॉक्टरला तिनं पुन्हा तोंड दाखवलं नाही.

अशी सात वर्षं गेली.

दर्शना बी.कॉम. झाली, एका पतपेढीत चिकटली आणि तिच्या लग्नाचं बघायला सुरुवात झाली. वेळणेश्वराकडचं एक स्थळ आलं. मुलगा बोटीवर नोकरीला, घरचं माडा-पोफळींचं आगर, माणसं तोलामोलाची. मुलानं दर्शनाला एका लग्नात पाहिलेलं होतं आणि त्याच्या मनात ती भरलेली होती. बघायला येणं हा नुसता रिवाज. मार्गशीर्षातल्या एका रविवारी पाहुणे आले. दर्शनानं घावन-घाटलं केलं होतं. नारळाच्या रसात पीठ आटवताना घाटल्यात गुठळी होऊ न देणं सोपं नसतं. सकाळपासून तिनं दोनदा टाकून देऊन तिसऱ्यांदा केलं होतं.

पुरुष ओटीवर बसले, बायका आत. कमळा पाहुण्यांना वाढून टेकली, ती नेमकी मुलाच्या मोठ्या आत्याच्या उजव्या बाजूला, म्हणजे तिचा डावा कान आत्याकडे आला. एरवी कमळा माणसं बघून जागा धरायची, पण त्या दिवशी गडबडीत भान राहिलं नाही. आत्यानं घाटल्याची चव घेतली, आणि पोरीच्या आईला एकटीलाच विचारायचं म्हणून खालच्या आवाजात विचारलं, पोरीचं आधी कुठं जमलं होतं काय?

कमळाला ‘जमलं’ तेवढं ऐकू आलं. आत्याचं बोट वाटीला लागलेलं होतं.

“हो तर,” ती कौतुकानं म्हणाली. “दोनदा फसलं, मग तिसऱ्यांदा जमलं. आता बोट ठेवायला जागा नाय.”

आत्यानं वाटी खाली ठेवली.

पाहुणे हसतखेळत गेले. चार दिवसांनी मध्यस्थाचा निरोप आला की नको. मध्यस्थ बिचारा भला माणूस, त्यानं खोदून खोदून कारण काढलं आणि ते अडखळत सांगितलं. दर्शना पांढरीफटक पडली. कमळाच्या नवऱ्यानं मुंबईहून फोन करून पाहुण्यांना सगळं समजावलं, की बाईला एका कानानं कमी ऐकू येतं, ती घाटल्याबद्दल बोलत होती. पलीकडच्यांनी ऐकून घेतलं. मग ते म्हणाले की बाई बहिरी आहे हे आधी का सांगितलं नाही? उद्या मुलीचं तसंच निघालं तर?

दर्शना आईवर ओरडली असती तर कमळाला बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही. फक्त त्या दिवसापासून आईशी बोलताना ती मुद्दाम समोर येऊन, सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागली. कोणा परक्या म्हातारीशी बोलावं तसं.

कमळा वर कॉलेजात गेली. सर परगावी कसल्याशा परिषदेला गेले होते. तिनं नम्रता मॅडमना सगळं सांगितलं आणि विचारलं, ह्याच्यावर काहीच नाही का औषध? नम्रता मॅडमनी हातातलं पेन मिटलं. मग म्हणाल्या, परीक्षा तोंडावर आलीय मावशी, ती होऊ दे, मग बोलू.

परीक्षेला जाऊ नकोस असं दर्शना म्हणाली. पण कमळानं शब्द दिलेला होता. ती गेली.

त्या वर्षी बाहेरून आलेल्या परीक्षक एक वयस्क बाई होत्या. पांढरे केस, सुती साडी, घाटावरचं बोलणं. कमळाच्या वाट्याला पहिला आला तो विनीत नावाचा मुलगा. जानेवारीची सकाळ गार होती. त्यानं कानात घालायची नळी आधी स्वतःच्या मुठीत धरून ऊब आणली आणि मग लावली. इतक्या वर्षांत असं कोणी केलं नव्हतं. हा पास व्हायला हवा, असं कमळाच्या मनात आलं.

परीक्षक बाई आल्या, त्यांच्या मागून सरपोतदार सर आले. कमळाचा उजवा कान त्यांच्याकडे होता. प्रश्न झाले, उत्तरं झाली. शेवटी विनीत ठरल्याप्रमाणं ‘मायरिंगोप्लास्टी’ म्हणाला. कमळाला हायसं वाटलं. झालं, सुटला पोरगा. पण बाई पुढं गेल्या नाहीत. त्यांनी त्याला आणखी काही विचारलं. मुलगा गोंधळला, त्यानं एकदा सरांकडं पाहिलं, आणि म्हणाला, “पेशंट नॉट विलिंग, मॅम.”

बाई कमळाकडं वळल्या.

“का हो, ऑपरेशनला तुम्ही नको का म्हणालात?”

“कसल्या ऑपरेशनला?” कमळानं विचारलं.

“हेच. मायरिंगोप्लास्टी.”

कमळाला वाटलं, बाईंची काहीतरी गल्लत होतेय. “तो माझा आजार हाय,” ती म्हणाली.

“आजार नाही, बाई. त्या भोकावर नवा पडदा बसवतात, त्या ऑपरेशनचं नाव आहे ते. तुम्ही नाही म्हणालात का?”

“मला कोणी विचारलानच नाय.”

विनीत खाली बघायला लागला. मग सरपोतदार सर मोठ्यानं हसले. ते नेहमी हसत तसंच, त्यात काही लपवाछपवी नव्हती.

“मॅडम,” ते म्हणाले, “एवढं सुंदर परफोरेशन बंद करून टाकलं तर पोरांना परीक्षेला दाखवायचं काय?”

परीक्षक बाईंच्या कपाळाला आठी पडली. ती पडली तशीच गेली. “खरं आहे,” त्या म्हणाल्या, “आमच्याकडंही हीच रड.” आणि त्या शेजारच्या पेशंटकडं गेल्या. त्याच्या मानेला गाठ होती.

कमळा उठली नाही. उठून कुठं जायचं, हे तिला सुचलं नाही. नंतर आणखी मुलं आली. त्यांनी विचारलं, कान कधीपासून वाहतो, तिनं सांगितलं. चिमटा वाजला का, ऐकू येतोय का, तिनं सांगितलं. प्रत्येकानं शेवटी तो शब्द म्हटला. इतकी वर्षं दर परीक्षेला, एकामागून एक पोरं तिच्यासमोर उभी राहून तिच्या कानावरचा इलाज सांगत होती. तिच्या तोंडावर सांगत होती. आणि ती आपली त्यांच्या पास होण्यावर खूश होती.

जेवणाचं ताट आलं, ते तिनं परत पाठवलं. सगळं आवरल्यावर ती नम्रता मॅडमच्या समोर जाऊन उभी राहिली.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

नम्रता मॅडमनी आधी इकडं-तिकडं पाहिलं. मग त्या म्हणाल्या, “मी एकदा सरांना म्हटलं होतं, मावशी. सर म्हणाले, कान कोरडा आहे, तिची तक्रार नाही, घाई काय? मी नवीन होते.”

“मग जुन्या झालात तेव्हा?”

नम्रता मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं, पण कमळाला त्याचं काही वाटलं नाही. त्या पाण्यानं तिचं काय होणार होतं?

सरांशी बोलणं तर आणखी अवघड गेलं, कारण सर चिडलेच नाहीत. कमळा मनात कितीतरी घोकून गेली होती. सरांनी तिला खुर्ची दिली, ऐकून घेतलं आणि म्हणाले, अहो कमळाबाई, करू की! तुम्ही कधी म्हणालातच नाही. तुम्ही तर आमच्या घरच्या, तुम्हाला नाही कोण म्हणेल? तिनं शिबिराची आठवण दिली. त्यांना ती आठवत नव्हती. खोटं बोलत होते असं तिला वाटलं नाही. त्यांना खरंच आठवत नव्हतं, आणि हेच तिला जास्त लागलं.

ऑपरेशन ठरलं, पण तारीख काही हाताला लागेना. आधी उन्हाळ्यातली नापासांची परीक्षा मधे आली. ती होईपर्यंत थांबा, असं खुद्द सरांनीच सांगितलं आणि सांगताना त्यांना काही विचित्रही वाटलं नाही. कमळा त्या परीक्षेला गेली नाही. नम्रता मॅडमचा फोन तिनं उचलला नाही. मग भूल देणारे डॉक्टर रजेवर. मग पाऊस, पावसात कान वाहायला लागला, वाहत्या कानावर करता येत नाही. भातं कापून झाली, दिवाळी गेली, तेव्हा कुठं तिला दाखल करून घेतलं.

ऑपरेशनच्या आधी कान तपासायच्या बंद खोलीत तिला बसवलं. कानांवर टोप्या चढवून, आवाज आला की बटण दाबायचं. डाव्या कानाची पाळी आली तशी ती कितीतरी वेळ नुसती बसून राहिली, तेव्हा यंत्र बंद आहे असं तिला वाटलं. यंत्र चालू होतं. नम्रता मॅडमनी बाहेर आल्यावर सांगितलं की नुसतं भोक राहिलेलं नाही. आतलं ऐकण्याचं हाड झिजलंय, आणि नसही थोडी गेलीय. पडदा बसेल, कान वाहायचा थांबेल. पण ऐकू येण्याची फार आशा धरू नका.

कमळानं विचारलं, सुरुवातीला केलं असतं तर?

नम्रता मॅडम यंत्राची वायर गुंडाळत होत्या. ती गुंडाळून झाल्यावर त्यांनी पुन्हा सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली.

ऑपरेशन सरांनी स्वतः केलं. कानामागं चीर घेतली, तिथलाच पातळ पापुद्रा काढून भोकावर बसवला. हात हलका; मुंगीच्या चाव्याइतकंही दुखलं नाही. पट्टी सुटल्यावर काही आठवड्यांनी त्यांनी आत पाहिलं आणि भारी खूश झाले. पोरांना बोलावून एकेकाला दाखवलं. कमळाला त्यांचा एक शब्दही त्या बाजूनं ऐकू आला नाही.

ऐकायचं यंत्र मिळालं. कंपनीत ते चालायचं नाही. सगळीकडं पाणी, डोक्यावर घट्ट टोपी, टोपीखाली यंत्र शिट्टी मारायचं. घरी घालून बसली तर भांड्यांचा आवाज टाळक्यात घुसायचा आणि माणसाचं बोलणं तेवढं तसंच राहायचं. आणि घरी बोलायला तरी कोण होतं? दर्शना मुंबईला मावशीकडं निघून गेली होती. पतपेढी सोडून तिनं तिकडं एका क्लिनिकमधे नोकरी धरली. जाण्याच्या आदल्या दिवशी तिनं एकदाच मनातलं काढलं. रागावून नाही, भांडी पुसता पुसता, नेहमीसारखे शब्द सुटे करून.

“तू त्यांना फणसपोळ्या नेऊन द्यायचीस, आई.”

कमळाला त्यातलं अक्षर न् अक्षर नीट ऐकू आलं. तरी तिनं ऐकू न आल्यासारखं केलं. मुंबईहून दर्शना आता फोन करत नाही. मेसेज पाठवते, जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का. कमळा चष्मा लावून ते वाचते आणि ‘हो’ असं लिहिते.

जानेवारीत कान दाखवायची तारीख होती. परीक्षाही त्याच दिवशी आहे हे कमळाला तिथं पोचल्यावर कळलं. ओपीडी बंद ठेवली होती, पेशंटना थांबायला सांगितलं होतं. बाहेरच्या बाकावर परीक्षेला आणलेली माणसं ओळीनं बसली होती. त्यांत टोकाला एक बाई होती, तिशीच्या आतबाहेरची, कडेला जर असलेली साडी, केसांत अबोलीचा वळेसर. मिरजोळ्याची नव्हे, बोलण्यावरून दापोलीकडची वाटली. कमळा शेजारी टेकली, तेव्हा तिनं सरकून जागा दिली आणि उत्साहानं विचारलं, तुम्ही पण परीक्षेला काय?

“नाय,” कमळा म्हणाली. “मी पेशंट.”

बाईचं नाव हौसा. माहेर आंजर्ल्याचं, दिली इथं कुवारबावला. तिचा उजवा कान. लहानपणापासून वाहायचा, इथल्या थेंबांनी थांबला. मागच्या परीक्षेपासून तिला बोलावतात. सरांनी सगळ्या पोरांना बोलावून तिचा कान दाखवला होता, हे तिनं आपण होऊन सांगितलं. कमळा ऐकत राहिली. तिला वाटलं, उठून दुसरीकडं जाऊन बसावं. मग तिनं हौसाचा हात धरला आणि तिला एका दमात सगळं सांगून टाकलं. पडदा बसवता येतो. ते आपणहून विचारणार नाहीत. आज आत गेलीस की सगळ्यांसमोर, बाहेरचे परीक्षक असतील त्यांच्यासमोर, मोठ्यानं सांग की मला ऑपरेशन करून हवंय. ते ‘बघू’ म्हणाले तर तारीख घेतल्याशिवाय उठू नको. त्यांनी नाहीच केलान तर मी तुला दुसरीकडं घेऊन जाते, माझ्याबरोबर चल. पण थांबू नको गो. आत हाड असतं, ते झिजतं.

हौसानं ऐकलं. मधेच तिनं आपला हात सोडवून घेतला, पण तो वळेसर सारखा करायला. तिनं बंद दाराकडं पाहिलं. मग म्हणाली, “पण सर किती मायेनं बोलतात हो. माझ्या पोराच्या शाळेचं विचारतात.”

ते काही खोटं नव्हतं.

दार उघडलं. नम्रता मॅडमनी बाहेर डोकावून हौसाचं नाव घेतलं. शेजारी बसलेली कमळा त्यांना दिसली, आणि त्या क्षणभर दाराला धरून उभ्या राहिल्या. हौसा उठली, साडीच्या निऱ्या नीट केल्या आणि आत गेली. तिच्यामागं दार लागलं. कमळा त्या दाराजवळच्या जागेवर सरकली आणि उजवा कान दाराकडं करून बसली. आत कोणीतरी काहीतरी विचारत होतं, कोणीतरी उत्तर देत होतं. दार जाड होतं. बोलणारी हौसा होती की परीक्षा देणारी एखादी मुलगी, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही.